मासा फ्रेंच, प्रश्न पुणेरी

कोरेगाव पार्क-कल्याणीनगर भागातल्या एखाद्या उंची हॉटेलात फ्रेंच पद्धतीचे मासे खायला निघालेल्यांना अनुभवाने एकच सांगावंसं वाटतं. मासा कोणता, कुठल्या पाण्यातला, ताजा की गोठवलेला आणि वजनाला किती, हे मागवण्याआधी विचारून घ्या. आपल्या कालवणात कोकम, तिरफळं, ओलं खोबरं आणि तिखट असतं. मासा जरासा उतरलेला असला तरी कालवण त्याला सांभाळून घेतं. लोण्यात परतून वर लिंबू पिळलेल्या लेप्याला असा कुणाचा आधार नसतो. मासा चांगला नसेल तर पहिल्याच घासाला कळतं, आणि तोवर बिल ठरलेलं असतं. त्यात पुणं पडलं घाटमाथ्यावरचं. इथली समुद्राची मासळी मुंबई-कोकणच्या बंदरांतून बर्फात घाट चढून येते. गणेश पेठेच्या बाजारात आपण कल्ला उचलून लाली बघतो, डोळा बघतो, बोटाने दाबून बघतो. हॉटेलात समोर येतो तो सोललेला, काटे काढलेला तुकडा, वर सॉस. बघण्याची सोय गेली की विचारणं तेवढं उरतं.

अशा ठिकाणी चौकशी करणं बरं दिसत नाही, असा एक आक्षेप हमखास येतो. खुद्द फ्रान्सचा रिवाज मात्र उलट आहे. मार्सेयच्या काही हॉटेलवाल्यांनी बुइयाबेस या माशांच्या रश्श्यासाठी 1980 मध्ये सनद केली. त्यात कोणते मासे घालायचे ते ठरवलं आणि मासा गिऱ्हाइकासमोर कापावा असंही म्हटलं. युरोपीय संघात तर दुकानदाराला माशाची जात, तो कुठे आणि कसा पकडला, आधी गोठवला होता का, हे पाटीवर लिहावंच लागतं. आणि ताज्या मासळीची धास्ती तिथे जुनीच आहे. 1671 मध्ये शांतियीच्या वाड्यात चौदाव्या लुईच्या मेजवानीसाठी मासळी वेळेवर पोचत नाही असं वाटून व्यवस्थापक वातेलने जीव दिला. (मासळी नंतर आली!) शांतियीही पुण्यासारखंच समुद्रापासून लांब. तेव्हा वेटरला दोन प्रश्न विचारताना आपण उगाच संकोचतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गोठवलेला म्हणजे वाईट असं थोडंच? अजिबात नाही. बोटीवरच झटकन गोठवलेला मासा चार दिवस बर्फात लोळलेल्या माशापेक्षा केव्हाही सरस. माझी तक्रार गोठवण्याबद्दल नाही, गोठवलेल्याला ताज्याचा भाव लावण्याबद्दल आहे. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत सुरमई-पापलेट ‘आजच आलेलं’ म्हणून पुढे आलं, तर कुठून आलं हे विचारलंच पाहिजे. तसंच सामनचं. नॉर्वेचा सामन बहुतेक पिंजऱ्यात वाढवलेला असतो आणि विमानाने येतो. ‘इंडियन सामन’ म्हणजे आपला रावस. रावस काही कमी नाही, पण त्याला नॉर्वेचं भाडं कशाला द्यायचं?

भावाचं तर तोंडीच ठरवून घ्या. शेवंड, खेकडा, अख्खं पापलेट यांच्यापुढे मेनूत बऱ्याचदा आकडा नसतो, ‘आकाराप्रमाणे’ एवढंच असतं. वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, त्याचे एकूण किती होतील, कर धरून की सोडून, हे आधी कळायला हवं. पैसे आचाऱ्याच्या हाताचे आणि जागेचेही असतात, हे मान्य. मग तसं म्हणावं, माशाच्या नावावर घालू नये. चांगल्या हॉटेलातला माणूस असल्या प्रश्नांनी खूश होतो, आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतो, कधी मासाच आणून दाखवतो. गुळमुळीत उत्तर आलं, तर त्या दिवशी मासा राहू द्या आणि कांद्याचं सूप मागवा. फ्रेंच पद्धतीचं तेही उत्तम लागतं, आणि पुण्यात कांद्याला तोटा नाही.