शेतातील कीटकभक्षी ‘साधा वटवट्या’ : ओळख व संवर्धन

दिल्ली परिसरातील यमुनाकाठच्या शेतांत आणि ओखला पक्षी अभयारण्यात, तसेच महाराष्ट्राच्या शिवारांतही साधा वटवट्या वर्षभर आढळतो. लांबी सुमारे १३ सें.मी.; पाठ मातकट तपकिरी, पोट फिकट, डोळ्यावर फिकट भुवई आणि लांब शेपूट ही त्याची ओळख. हिवाळ्यात रंग अधिक तांबूस होतो. राखी वटवट्याला विणीच्या काळात भुवई नसते व डोके राखाडी असते.

अळ्या, भुंगेरे व कोळी हे त्याचे खाद्य. तो कीडनियंत्रणाचा पर्याय नव्हे. मात्र किडींचा नैसर्गिक शत्रू निश्चित आहे. पावसाळ्यात तो गवतात व पिकात जमिनीलगत घरटे बांधतो. म्हणून बांधावरील सर्व गवत एकदम कापू अथवा जाळू नये, एक पट्टा राखावा. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच फवारणी करावी.