आठ भागांत न मावलेले सात दिवस

मनू, त्या मालिकेचा तुला राग आलाय ना, तर आधी तो येऊ दे. घरातले म्हणाले, "पुस्तकं वाचणाऱ्यांना पडद्यावरचं काही म्हणजे काही पटत नाही," आणि तू गप्प बसलीस. तुझ्या मेसेजात मला रागापेक्षा संकोचच जास्त दिसला. आपण उगाच शहाणपणा तर करत नाही ना, असा. अगं, अख्खा पावसाळा तू 'द नेम ऑफ द रोझ' बरोबर काढलास. लॅटिनचे उतारे आडवे आले तरी पुस्तक खाली ठेवलं नाहीस. त्यातल्या माणसांना कुणी भलतंच करून समोर उभं केलं, तर जीव दुखावणारच. त्यात लाजायचं काय?

फक्त एक कर. "सगळी वाट लावली" असं लिहिलंयस, ते तसं मोघम ठेवू नकोस. मोघम राग मनात साचला की पुढे पुस्तकही हातात घ्यावंसं वाटत नाही, आणि तेवढं मला नको आहे. कुठे काय गेलं ते एकेक धरून बघ. मी माझ्यापुरतं बघितलंय, ते सांगते.

चांगलं आहे ते आधी. इटलीच्या राय वाहिनीने २०१९ मध्ये या कादंबरीवर ही आठ भागांची मालिका आणली, दिग्दर्शक जाकोमो बात्तियातो. जॉन टर्टुरोचा विल्यम, म्हणजे मठातल्या मृत्यूंचा छडा लावणारा तो साधू, मला मनापासून आवडला. हळू बोलतो, समोरच्याचं ऐकून घेतो, आणि ज्ञानाची भूक त्याच्या डोळ्यांत दिसते. दुसरं म्हणजे तो गरिबीचा वाद. ख्रिस्ताच्या आणि त्याच्या शिष्यांच्या मालकीचं काही होतं की नव्हतं, यावरून फ्रान्सिस्कन साधू आणि पोप जॉन बाविसावा यांच्यात जुंपली होती. याच कादंबरीवरच्या १९८६ च्या चित्रपटात तो वाद घाईघाईत उरकलाय, मालिकेत त्याला जागा मिळाली. संन्याशाने गरीब असावं की नाही, या प्रश्नावरून माणसं माणसांना जाळायला का निघाली होती, हे समजल्याशिवाय कादंबरीतला १३२७ चा तो नोव्हेंबर समजतच नाही. एवढं श्रेय त्यांना देऊन टाकू आणि मग भांडू.

माझं मोठं भांडण वेळेशी आहे. कादंबरी सात दिवसांची, आणि प्रत्येक दिवस प्रार्थनेच्या वेळांनी वाटलेला. रात्र सरण्याआधीची मॅटिन्स, मग लॉड्स, प्राइम, असं करत झोपण्यापूर्वीच्या कॉम्प्लिनपर्यंत. घंटा होते, माणसं उठतात, गातात, जेवतात, पोथ्या नकलून काढतात, आणि या सगळ्याच्या मधूनच कुणीतरी मरतं. सुरुवातीला तू वैतागून मला फोन केला होतास, आठवतं? चर्चच्या दारावरच्या कोरीवकामाचं वर्णन संपता संपत नाही म्हणून. कादंबरीचे लेखक उंबेर्तो इको यांनी १९८३ मध्ये तिच्याविषयी एक टिपण लिहिलं. त्यात ते सांगतात, की हस्तलिखित वाचून मित्रांनी आणि संपादकांनी पहिली शंभर पानं आटोपशीर करायला सुचवलं होतं, आणि आपण साफ नकार दिला. ज्याला मठात सात दिवस राहायचं आहे त्याने मठाची चाल पत्करली पाहिजे. ज्याला ती पेलणार नाही तो डोंगराच्या पायथ्याशी थांबेल. त्या शंभर पानांची चढण तू चढलीस मनू, आणि म्हणूनच पुढचं सगळं तुझं झालं.

मालिका ती चढण चढतच नाही. ती सुरू होते रणांगणात. घोडे, तलवारी, रक्त, आणि विल्यमचा तरुण शिष्य, सम्राटाच्या सेनापतीचा मुलगा असलेला आद्सो, ज्याला बापासारखं लढवय्या व्हायचं नाही. कादंबरीतही आद्सोचा बाप सम्राटाच्या बाजूने लढणारा सरदारच आहे, पण तो चार ओळींत येऊन जातो. मालिका इंग्रजीत चित्रित झाली, देशोदेशी दाखवायची होती, आणि प्रत्येक भाग संपताना प्रेक्षक पुढच्या भागापर्यंत अडकून राहायला हवा होता. मठाची घंटा त्या कामाला पुरत नाही, लढाई पुरते. कारण मला कळतं. पटत मात्र नाही. आठ भाग हाताशी असताना तरी मठाला मठासारखं जगू द्यायला हवं होतं.

त्याच टिपणात इकोंनी आणखी एक सांगितलंय. त्यांनी मठाचा आराखडा काढून समोर ठेवला होता. दोन माणसं एका इमारतीतून दुसरीकडे बोलत चालली असतील तर अंतर संपताच त्यांचं बोलणं संपायचं. संवाद किती लांब हे त्या दगडी वाटेवरून ठरायचं. असा माणूस दूरदर्शनवाल्यांना किती सोपं करून देऊन गेला होता बघ! इको २०१६ च्या फेब्रुवारीत गेले. मालिका पूर्ण झालेली त्यांनी पाहिली नाही.

आता आना. तू जिच्यावर सर्वांत जास्त चिडली आहेस ती, दोल्चिनोची मुलगी, आईबापांच्या मरणाचा सूड घ्यायला पाखंड्यांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायाधीशाच्या, बर्नार गीच्या, मागावर निघालेली. कादंबरीत ती नाहीच. पण तू म्हणतेस तसं "बाई घुसडायची म्हणून घुसडली", एवढ्यावर मी थांबणार नाही. पुरुषांनीच भरलेल्या गोष्टीत कुणाला एखादी स्त्री हवीशी वाटली, तर तो काही गुन्हा नव्हे. मला खुपतं ते वेगळंच. फ्रा दोल्चिनो हा इतिहासातला खरा माणूस. श्रीमंत चर्चविरुद्ध उठला, अनुयायांसह डोंगरात जाऊन लढला, आणि १३०७ मध्ये त्याला हालहाल करून मारलं. कादंबरीतले दिवस त्यानंतर वीस वर्षांचे. तिथे दोल्चिनो फक्त इतरांच्या तोंडून येतो. साधू उबेर्तिनो एक सांगतो, विल्यम दुसरं, आणि कधीकाळी त्याच्याबरोबर फिरलेला, आता मठाची कोठारं सांभाळणारा रेमिजो तिसरंच. तो संत होता की लुटारू, हे तुला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. रात्री अकराला तू मला तेच तर विचारत होतीस. मालिकेत तो स्वतः येतो, बायकोमुलीसह, देखणा आणि दुःखी. प्रश्न मिटला. त्या प्रश्नात इकोंनी आपल्याला किती जपून नेऊन सोडलं होतं, आणि तो इतक्या सहज मिटवला, याचं मला अजून वाईट वाटतं.

तसंच आद्सो जिच्या प्रेमात पडतो त्या मुलीचं. पुस्तकात आद्सोला ती एका रात्री स्वयंपाकघरात भेटते. ती काय बोलते ते त्याला कळत नाही. पुढे बर्नार गीचे लोक तिला चेटकीण म्हणून पकडतात, आणि तिचं काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हातारा आद्सो आयुष्यभराच्या त्या एकमेव प्रेमाबद्दल लिहितो तेव्हा तिचं नावही त्याच्यापाशी नसतं. मालिकेत तिला भूतकाळ मिळतो, रानातल्या भेटी मिळतात. प्रेमकथा म्हणून ती बघवते, खोटं कशाला बोलू. पण गरिबाची पोर अशी पुसली जाते की तिच्यावर जीव टाकणाऱ्यालाही तिला हाक मारता येत नाही, ही जखम त्यात राहत नाही. तू ते पान वाचून रडली होतीस. मालिका बघताना रडू आलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस.

आणि शेवट. विल्यम सगळ्या मृत्यूंत एक सूत्र शोधतो, बायबलातल्या प्रलयाच्या सात तुताऱ्यांचं. गारा, रक्त, पाणी, सगळं जुळत जातं. शेवटी ग्रंथालयाच्या भूलभुलैयात आंधळ्या म्हाताऱ्या साधू होर्हेपर्यंत तो पोचतो खरा, पण तसं सूत्र मुळात नव्हतंच. चुकीच्या वाटेने बरोबर दारात आला. ॲरिस्टॉटलचा विनोदावरचा ग्रंथ होर्हे गिळून टाकतो, ग्रंथालय जळतं, आणि इतका बुद्धिमान माणूस हताश उभा राहतो. हे पडद्यावर एका संवादात म्हणवून घेता येतं. पण वाचताना शेकडो पानं आपणही त्याच्याबरोबर तेच सूत्र जुळवत आलेलो असतो, त्यामुळे पराभव आपलाही होतो. ते मालिकेकडे कुणीच मागू नये. ज्याचं त्याचं बळ वेगळं असतं. आपली आई 'स्वामी' मालिकेची आठवण अजून काढते ना? रणजित देसाईंची ती कादंबरी मुळातच माधवराव आणि रमाबाई यांच्या नात्यावर उभी आहे, म्हणून छोट्या पडद्याला मानवली. इकोंची कादंबरी शंकांवर उभी आहे.

तेव्हा आता काय करायचं, तर थोडे दिवस जाऊ दे, आणि मग जां-जाक आनोचा तो जुना चित्रपट बघ, शॉन कॉनरीचा. त्यातही बदल कमी नाहीत. मुलगी जिवंत राहते, बर्नार गी मरतो. खरा बर्नार गी १३३१ पर्यंत जगला. पण जुनं खरवडून त्याच चर्मपत्रावर नवं लिहावं तसा हा इकोंच्या कादंबरीवरचा नवा लेख आहे, असं तो चित्रपट सुरुवातीलाच सांगून टाकतो. मग आपणही त्याला त्याच नजरेने बघतो.

आणि तुझ्या पुतण्याशी अबोला धरू नकोस. त्याला आना आवडली, तर आवडू दे. चौदाव्या शतकातल्या मठावरची आठ भागांची गोष्ट मोबाइल बाजूला ठेवून त्या पोराने बघितली, ही लहान गोष्ट नाही. "तू पुस्तक कुठे वाचलंयस" हे वाक्य त्याच्यासमोर कधीही काढू नकोस. त्या वाक्याने कुणी पुस्तकाकडे वळलेलं मी पाहिलं नाही. ग्रंथालयाची भानगड त्याला नक्की कळली नव्हती, असं तूच लिहिलंयस. तिथूनच सुरू कर. विल्यम वीव्हरच्या इंग्रजी अनुवादाची तुझी ती प्रत त्याच्या हाती दे, तुझ्या पेन्सिलच्या खुणांसकट. सुरुवातीला मठाचा आराखडा आहे, तो उघडून ठेव. पहिल्या शंभर पानांत तो कंटाळेल, तेव्हा जवळ बसून चार पानं तू मोठ्याने वाच. दोल्चिनोचा विषय आला की आनाबद्दल काही न बोलता त्याला एवढंच विचार, हा माणूस तुला कसा वाटतो. आणि तो काय म्हणाला ते मला लगेच कळव.