पेनी वाइज, पाउंड फूलिश : वाचवले किती अन् घालवले किती?

व्हिडिओत या इंग्रजी वाक्प्रचाराला दोनच मिनिटं मिळाली, म्हणून इथे नीट बघू.

पेनी म्हणजे ब्रिटनची चिल्लर. 1971 पर्यंत एका पाउंडात 240 पेनी असायच्या, आता 100 असतात. चिल्लर सांभाळताना शहाणा, पण मोठी रक्कम सांभाळताना वेडा, तो ‘पेनी वाइज, पाउंड फूलिश’. आपली म्हण यापेक्षा भारी आहे: मोरीला बोळा अन् दरवाजा मोकळा. काही जण इथे ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ लावतात. ती वेगळी. तिथे किरकोळ गोष्टीवर जास्त खर्च होतो. इथे खर्च वाचवला म्हणूनच मोठा खर्च अंगावर येतो. आणि प्रत्येक कंजूष माणसाला हा शब्द लावू नका. काटकसर नुकसानीत गेली, तरच तो बसतो.

माझंच उदाहरण घ्या. यवतमाळात झेरॉक्सचं दुकान नवीन होतं. प्रिंटरच्या टोनरमध्ये मी स्वस्त पावडर भरून घ्यायचो. दर रिफिलला 200 रुपये वाचायचे, नऊ वेळा भरली, म्हणजे 1,800 वाचले. जूनमध्ये, ॲडमिशनची गर्दी असतानाच मशीन बसलं. दुरुस्ती 5,400 रुपये आणि सहा दिवस काम बंद. मेकॅनिक म्हणाला, “भाऊ, वाचवले किती अन् घालवले किती, हिशोब केला का?” केला होता, पण अर्धाच. त्या सहा दिवसांत जे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं, त्यातलं बरंच परत आलं नाही. ते कुठल्या वहीत लिहायचं?

तरी माझं निदान मशीन होतं. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून जास्त जण गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्यात रोजीनं फवारायला जाणारे मजूरही होते. कारणं एक नव्हती: औषधांची मिश्रणं, डोक्यापर्यंत वाढलेली पऱ्हाटी, उकाडा. पण अनेकांच्या तोंडावर मास्क नव्हता, हातात मोजे नव्हते. मी शेतकऱ्याला दोष देत नाही. ज्याच्या हातात कापसाचा भाव नाही, तो खर्च कुठे कापणार?

पण तुम्ही उद्या वेल्डिंगचं शॉप टाकाल, पिठाची गिरणी लावाल, दोन पोरं कामाला ठेवाल. चष्मा, अर्थिंग, पट्ट्यावरची जाळी यातले पैसे वाचले तर पेनी मालकाच्या खिशात राहते आणि पाउंड कामगाराच्या अंगातून जातो. इंग्रजी वाक्प्रचारात दोन्ही एकाच माणसाचे असतात. धंद्यात तसं नसतं, म्हणून मालकाला ते लवकर दिसत नाही.

सगळीच बचत वाईट असते असं नाही हं. माझा काउंटर जुन्या बाजारातून आणलेला आहे. तो मोडला तर मी टेबलावर धंदा करीन, एक गिऱ्हाईकही जाणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: मागच्या महिन्यात जिथे पैसे वाचवले अशा तीन जागा वहीत लिहा. प्रत्येकीपुढे लिहा, ही वस्तू फेल झाली तर काम किती दिवस थांबेल आणि इजा कोणाला होईल. पुढच्या व्हिडिओत पक्क्या बिलाचा विषय घेऊ, तेव्हा ही वही जवळ ठेवा.