कृषी पर्यटन निवास : पाहुण्यांकडून येणाऱ्या पैशाचा व्यवहार

शेतावर येणाऱ्या शहरातील पाहुण्यांसाठी घरातील एक-दोन खोल्या राखून ठेवणे, हा शेतीचा एक उपयुक्त जोडधंदा होऊ लागला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारल्यानंतर पर्यटन संचालनालयाकडे अशा केंद्रांची नोंदणी होते. खोलीची जाहिरात व आरक्षण आता बहुधा इंटरनेटवरील संकेतस्थळांमार्फतच होते. हुरड्याचा हंगाम, भातलावणी किंवा आंब्याचा मोसम या काळात पाहुणे मिळणे फारसे कठीण नसते. मात्र हंगाम संपल्यावर हातात किती उरले हे पुष्कळांना सांगता येत नाही, आणि धंदा बुडण्याचे कारण बहुधा तेथेच असते.

दर अगोदर ठरवावा

घरी आलेल्या माणसाकडे पैसे मागणे आपल्या रीतीत बसत नाही. त्यामुळे खोलीचे भाडे, जेवण, जादा माणसाचा आकार आणि शिवारफेरीचा आकार यांविषयी स्पष्ट बोलणे टाळले जाते व निघतेवेळी कटुता येते. यास्तव हे सर्व दर संकेतस्थळावर व खोलीच्या दारावर मराठीत लिहिलेले असावेत. लहान मुलांचा आकार आणि आरक्षण रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल, हेही त्यात असावे. एकदा लिहिलेला दर पाहुणा आल्यावर बदलू नये.

संकेतस्थळाची दलाली

संकेतस्थळ हा एक प्रकारचा अडत्याच आहे. तो गिऱ्हाईक आणतो, पैसे वसूल करतो व त्याबद्दल दलाली घेतो. दलाली घेण्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत थोडा भाग घरमालकाकडून व मोठा भाग पाहुण्याकडून घेतला जातो. दुसऱ्या पद्धतीत सर्व दलाली घरमालकाच्या रकमेतूनच कापली जाते. महाराष्ट्रात २०१६ पासून भाजीपाला व फळे यांची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा नियम झाला. तरीही खरेदीदार बोली लावताना आपला सर्व खर्च मनात धरतो, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. येथेही पाहुणा अखेरची एकूण रक्कमच पाहतो. म्हणून कोणती पद्धत लागू आहे हे करार स्वीकारण्यापूर्वीच वाचून घ्यावे.

उदाहरणादाखल, खोलीचा दर दिवसाला २,००० रुपये असून पाहुणा दोन रात्री राहिला व सर्व दलाली घरमालकाकडून १५ टक्के दराने घेतली जाते असे समजू.

खोलीभाडे : ४,००० रुपये
वजा दलाली १५ टक्के : ६०० रुपये
वजा दलालीवरील वस्तू व सेवा कर १८ टक्के : १०८ रुपये
हाती येणारी रक्कम : ३,२९२ रुपये

म्हणजे शंभर रुपयांमागे १७ रुपये ७० पैसे गेले. आता रात्रीला पुरते २,००० रुपये हाती यावेत अशी इच्छा असेल, तर पुष्कळजण २,००० वर १७.७ टक्के चढवून २,३५४ रुपये दर लावतात. हा हिशोब चुकीचा आहे. कपात चढविलेल्या दरावर होत असल्याने हाती सुमारे १,९३७ रुपयेच येतात. योग्य रीत अशी की, हव्या असलेल्या रकमेस ०.८२३ ने भागावे. म्हणजे दर सुमारे २,४३० रुपये येतो. दलालीचा दर निराळा असेल तर भाजकही त्याप्रमाणे बदलावा.

करासंबंधी

दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. ज्या शेतकऱ्याची वार्षिक उलाढाल सेवांसाठी असलेल्या २० लाख रुपयांच्या मर्यादेत आहे व ज्याने करासाठी नोंदणी केलेली नाही, त्याच्या बाबतीत संकेतस्थळामार्फत झालेल्या भाड्यावरील हा कर संकेतस्थळ चालविणारी कंपनीच पाहुण्याकडून घेऊन भरते. वरील उदाहरणात पाहुण्याने ४,००० वर २०० रुपये अधिक भरलेले असतात. ते शेतकऱ्याचे उत्पन्न नव्हे. पाहुणा थेट आला असता, नोंदणी नसलेल्या शेतकऱ्याने पावतीवर कर म्हणून काहीही आकारू नये.

प्राप्तिकराबाबत कंपनी उगमस्थानी ०.१ टक्का कपात करते. हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासूनचा आहे. तथापि, त्या संकेतस्थळामार्फत वर्षात ५ लाख रुपयांपर्यंतच विक्री असणाऱ्या व्यक्तीने पॅन किंवा आधार क्रमांक दिला असल्यास ही कपात होत नाही. क्रमांक न दिल्यास मात्र ५ टक्के कापले जातात, म्हणजे ४,००० रुपयांवर २०० रुपये. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी पाहुण्यांच्या भाड्याचे उत्पन्न शेतीचे समजले जात नाही. ते वेगळे दाखवावे लागते.

एकत्र कुटुंबात जाहिरात मुलाच्या नावे, पॅन वडिलांचा आणि बँकखाते तिसऱ्याचेच, असे आढळते. त्यामुळे पैसे अडकतात व पुढे भावाभावांत वाद होतात. जाहिरात, पॅन व खाते एकाच व्यक्तीच्या नावे असावे आणि वाटणी कशी करावयाची हे घरात आधीच ठरवावे.

पैसे केव्हा व कसे मिळतात

काही संकेतस्थळे पाहुण्याकडून आधीच पैसे घेतात व तो येण्याच्या ठरलेल्या वेळेनंतर साधारण २४ तासांनी घरमालकास पाठवितात. एअरबीएनबीची रीत अशी आहे. काही ठिकाणी पाहुणा घरीच पैसे देतो आणि दलालीचे बिल महिनाअखेर येते. दुसऱ्या प्रकारात हाती आलेली सर्व रक्कम आपलीच असे समजून खर्च करू नये. दलालीचा भाग त्याच दिवशी बाजूस काढावा.

फसवणुकीपासून सावधगिरी

पुढील गोष्टी घरातील प्रत्येकास समजावून सांगाव्यात.

१. यूपीआयने पैसे घेण्यासाठी गुप्त पिन कधीही टाकावा लागत नाही, चौकटीचे चिन्हही स्कॅन करावे लागत नाही. तसे सांगणारा माणूस पैसे देत नसून काढून घेत असतो.

२. "२,५०० ऐवजी चुकून २५,००० पाठविले, बाकीचे परत करा" असा फोन आल्यास मोबाईलवरील संदेशावर विसंबू नये. संदेश बनावट असू शकतो. बँकखात्यातील शिल्लक पाहावी व बँकेस विचारल्यावाचून परतफेड करू नये.

३. संकेतस्थळावर आरक्षण करून "दलाली वाचवू, पैसे बाहेर देतो" असे सुचविणाऱ्यास नकार द्यावा. करारभंग होतो आणि तंटा उद्भवल्यास संकेतस्थळाचे संरक्षण मिळत नाही.

फसवणूक झाल्यास लाजेने गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा व बँकेस कळवावे. जितका विलंब कमी, तितकी रक्कम मध्येच अडविली जाण्याची आशा अधिक.

हिशोबवही

एक साधी वही पुरेशी आहे. तिचे रकाने असे असावेत : तारीख, आरक्षण क्रमांक, माणसे व रात्री, खोलीभाडे, जेवणाची रक्कम, दलाली व कपात, खात्यात जमा झालेली रक्कम, जमेची तारीख. रोखीने मिळालेले जेवणाचे पैसेही याच वहीत उतरावेत. किराणा, गॅस, मजुरी व धुलाई यांचा खर्च समोरच्या पानावर लिहावा. घरच्या दुधाची व भाजीची किंमतही बाजारभावाने धरावी. ती न धरल्यास नफा खोटा दिसतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नवीन केंद्र सुरू होताना ही वही पहिल्या दिवशीच घालून द्यावी आणि पहिल्या तीन महिन्यांत दरमहा ती बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहावी. पाहुण्याचे आदरातिथ्य शेतकऱ्याच्या घरास शिकवावे लागत नाही. त्यास हिशोबाची जोड मिळाली की हा जोडधंदा दुष्काळी वर्षातही घरास आधार देऊ शकेल.