बालकांतील सहज हृद्रोग : चिकित्सेतील प्रगती व वैद्याचे कर्तव्य

चरकाचार्यांनी हृद्रोगाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व कृमिज असे पाच प्रकार वर्णिले आहेत. हृदयाच्या पडद्यास जन्मतः असलेले छिद्र किंवा महावाहिन्यांची उलट जोडणी या विकृती त्यांत ओढूनताणून बसवू नयेत, असे आम्हांस वाटते. सुश्रुताचार्यांनी सांगितलेल्या सप्तविध व्याधींतील जन्मबलप्रवृत्त या वर्गाशी त्यांचे नाते अधिक जवळचे आहे. हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ८ ते ९ बालकांत असा दोष आढळतो. म्हणजेच ठाणे, कल्याण, डोंबिवलीसारख्या दाट वस्तीत दवाखाना चालविणाऱ्या प्रत्येक वैद्यासमोर असे बालक केव्हा ना केव्हा येणारच.

या व्याधींची चिकित्सा गेल्या शतकात आमूलाग्र बदलली. १९३८ साली बोस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस यांनी जन्मानंतरही उघडी राहिलेली धमनी-नलिका (पीडीए) बांधून बंद केली. १९४४ मध्ये बाल्टिमोर येथे ब्लेलॉक, टॉसिग व थॉमस यांच्या प्रयत्नांतून नीलवर्णी बालकांसाठी शस्त्रकर्म सिद्ध झाले. १९५३ मध्ये गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने अलिंदांमधील छिद्र बंद केले, तर १९७५ मध्ये ब्राझीलच्या जातेने यांनी उलट जोडलेल्या महावाहिन्या यथास्थानी जोडल्या. आज अनेक छिद्रे छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नलिका नेऊन बंद करता येतात. २०१९ मध्ये अमेरिकेत अवघ्या ७०० ग्रॅम वजनाच्या अर्भकातही पीडीए बंद करणाऱ्या उपकरणास मान्यता मिळाली.

परंतु ही प्रगती वेळेवर पोहोचणाऱ्या बालकाच्याच उपयोगी पडते. महावाहिन्यांच्या उलट जोडणीचे शस्त्रकर्म सामान्यतः पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करावे लागते. निलयांमधील छिद्र मोठे असल्यास फुप्फुसांवर रक्ताचा भार पडत राहतो. उपेक्षा झाल्यास तेथील रक्तवाहिन्या कायमच्या कठीण होतात आणि मग छिद्र बंद करणेच धोक्याचे ठरते. अशा बालकास ‘वारंवार कफ होतो’ म्हणून महिनोन्‌महिने केवळ कास-श्वासाची औषधे देत राहणे, किंवा वजन वाढत नाही म्हणून बालशोष समजून बृंहण चिकित्साच करीत राहणे, म्हणजे त्याच्या हातची वेळ दवडणे होय.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. निलयांमधील लहान छिद्रे पुष्कळदा आपोआप बुजतात. त्या काळात आपले औषध चालू असल्यास श्रेय औषधास देण्याचा मोह होतो. तो टाळावा; अन्यथा मोठ्या छिद्राच्या बालकासही तोच भरवसा दिला जाईल.

बालक बोलत नाही, म्हणून त्याची वेदना चेष्टांवरून ओळखावी, हे काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायाने शिकविले. तीच दृष्टी येथे वापरावी. पुढील लक्षणे मातेस आवर्जून विचारावीत :

१. स्तनपान करताना बालक थकते काय, थांबून थांबून पिते काय, कपाळास घाम येतो काय?
२. वजन वाढत नाही काय? श्वसनाचे विकार वारंवार होतात काय?
३. रडताना ओठ, जीभ निळसर होतात काय? थोडे मोठे मूल खेळताना मध्येच उकिडवे बसते काय?

शांत असताना दोन महिन्यांखालील बालकाचा श्वास मिनिटास ६० वा अधिक, आणि दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० वा अधिक असल्यास ते गंभीर मानावे. नवजातात जन्मानंतर २४ ते ४८ तासांत उजव्या हातावर व एका पायावर पल्स ऑक्सिमीटर लावावा. प्राणवायूचे प्रमाण ९० टक्क्यांहून कमी असल्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. ते ९५ हून कमी असल्यास, किंवा दोहोंत ३ हून अधिक अंतर असल्यास, तासाभराने पुन्हा मोजावे. तसेच राहिल्यास इकोकार्डिओग्राफी करवावी. मोजमाप योग्य आले तरी सर्व दोष नाकारता येत नाहीत, हेही ध्यानी असावे.

आपल्या भागास या कार्यात विशेष स्थान आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे, म्हणजे तत्कालीन ठाणे जिल्ह्यातच झाला. त्याच्या फिरत्या तपासणी पथकांत दोन आयुष वैद्यकीय अधिकारी असतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा होणाऱ्या तपासणीत सहज हृद्रोगाचाही समावेश आहे. बालकाच्या छातीवर पहिला स्टेथोस्कोप पुष्कळदा आपल्याच बंधु-भगिनींचा असतो, हा मान आहे आणि उत्तरदायित्वही.

पुढील मार्ग दूरचा नाही. परळचे केईएम व वाडिया बालरुग्णालय आपल्या मध्य रेल्वेच्याच वाटेवर आहेत. खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी केंद्रात बालहृदय-शस्त्रकर्मे विनामूल्य होतात. खर्चाच्या भयाने मागे हटणाऱ्या पालकांस महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची माहिती द्यावी.

शस्त्रकर्मानंतर अग्नी, पोषण व बल सांभाळणे यांत आपल्या शास्त्राला वाव आहे. मात्र हृद्रोगतज्ज्ञांची औषधे थांबवू नयेत व आपल्या औषधांची त्यांना माहिती द्यावी. संशय येताच, लेखी टिपणासह, त्याच दिवशी बालकास पुढे पाठवावे. आठवड्याने त्या घरी विचारणा करावी : बालक तेथे पोहोचले काय?