'अप' या अव्ययाचे कार्य

इंग्रजीतील 'ईट', 'ड्रिंक', 'यूज' ही क्रियापदे सोपी आहेत. परंतु त्यांना 'अप' हे अव्यय जोडले की विद्यार्थी अडखळतो. 'अप' म्हणजे 'वर', एवढेच त्याला ठाऊक असते. येथे मात्र ते क्रियेची पूर्तता दर्शविते: सर्व खाणे, सर्व पिणे, वापरून संपविणे.

तंजावर जिल्ह्यातील पापनाशमच्या विद्यार्थ्याला ही कल्पना परकी नाही. तमिळमधील 'साप्पिट्टुविडु' म्हणजे 'खाऊन टाक'. त्यातील 'विडु'चा मूळ अर्थ 'सोड' असा आहे. त्याचे शब्दशः इंग्रजी केले, तर 'खा आणि निघून जा' असा अनर्थ होईल! सतराव्या शतकात भोसल्यांबरोबर आलेली मराठी या जिल्ह्यातील काही घरांत आजही बोलली जाते. मराठीतही 'खाऊन टाक' म्हणताना कोणी काही फेकावयास सांगत नाही.

म्हणून 'अप'ची क्रियापदे सुटी पाठ न करता एकत्र मांडावीत. 'बर्न अप', 'ड्राय अप' यांत पूर्ततेचा अर्थ सापडेल. 'स्टँड अप'मध्ये मूळचा 'वर' दिसेल. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, यासारख्या प्रयोगांची मात्र निराळी यादी करणे इष्ट.