मतभेद आणि गोंधळ

पाचगणीस 'एशिया प्लॅटो' नावाचे एक केंद्र आहे. राजमोहन गांधी व त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांनी ते उभे राहिले आणि १९६८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. तेथे एक साधी प्रथा आहे. काही वेळ सर्वांनी शांत बसावयाचे, अंतःकरणाचा कौल ऐकावयाचा व मनात येईल ते वहीत लिहावयाचे. दुसऱ्याचे दोष मोजण्यापूर्वी स्वतःचे पाहावेत, हा त्यामागील हेतू.

चार माणसे जेथे जमतात तेथे या शिकवणीची गरज असते. पोस्टाची तिकिटे जमविणाऱ्या मुलांचे एखादे छंदमंडळ घ्या. सर्व जण आवडीने येतात. पण एक मुलगा इतरांचे बोलणे तोडतो, नवख्याच्या संग्रहास हसतो. त्याला आवरले नाही तर तो राहतो आणि भिडस्त मुले येईनाशी होतात. मंडळ मोडते ते असे. म्हणून त्याला आवरणे हे प्रमुखाचे कर्तव्यच होय.

परंतु आवरावयाचे कोणाला? गोंधळ घालणाऱ्याला, वेगळे मत मांडणाऱ्याला नव्हे. हा विवेक सुटला की काय होते, हे १९०७ साली सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात दिसले. लोकमान्य टिळक आपले म्हणणे मांडण्यास व्यासपीठावर आले. अध्यक्ष रासबिहारी घोष यांनी त्यांना परवानगी नाकारली. टिळक जागचे हलेनात. इतक्यात प्रेक्षकांतून एक जोडा भिरकावला गेला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. खुर्च्या उडाल्या, अधिवेशन उधळले आणि जहाल व मवाळ हे दोन पक्ष दुरावले.

शहाणा प्रमुख नियम आधीच सर्वांना सांगतो व आपल्या मित्रालाही तेच लावतो. चुकणाऱ्यास तो प्रथम एकांतात समज देतो. कारण चारचौघांत अपमान झाला की माणूस हट्टास पेटतो. तरीही तो न ऐकेल, तर त्याला काही दिवस मंडळाबाहेर ठेवावे लागते. मात्र परतीचे दार उघडे ठेवावे.

जहाल व मवाळ पुन्हा एकत्र आले ते १९१६ साली, लखनौस. सभा उधळावयास एक क्षण पुरला. मने सांधावयास नऊ वर्षे लागली.

शब्दार्थ : कौल – निर्णय, आज्ञा. भिडस्त – संकोची. विवेक – बरेवाईट ओळखण्याची बुद्धी.

स्वाध्याय
१. छंदमंडळ कसे मोडते?
२. मतभेद व गोंधळ यांतील फरक उदाहरणाने स्पष्ट करा.
३. 'परतीचे दार उघडे ठेवावे' असे लेखक का म्हणतात?